डावा दिवा

मला खोली भाड्याने द्यायच्या आधी मालकांनी अंगणात चालून दाखवायला लावलं होतं.

सेनगावच्या कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवायला मी नुकताच रुजू झालो होतो. वय सव्वीस, हातात एक सुटकेस, खांद्यावर गादीची वळकटी. मालक ओसरीत बाजेवर बसले होते. त्यांनी नाव विचारलं नाही, जात विचारली नाही, पगार तर नाहीच नाही. नुसते म्हणाले, "सर, त्या लिंबापस्तोर जा अन् वापस या."

मला वाटलं, लिंबाखालून काही आणायचं असेल. गेलो, आलो.

"आता सुटकेस ठेवून जा."

पुन्हा गेलो, पुन्हा आलो. मालक मान तिरकी करून माझ्या पायांकडे बघत होते. बराच वेळ विचार करून त्यांनी निकाल दिला, "डाव्या टाचेला बूट झिजलाय. पन चालीत खोड न्हाई. ऱ्हावा."

आतून काकू पाणी घेऊन आल्या. माझा चेहरा बघून त्यांना हसू आलं. म्हणाल्या, "मनावर घेऊ नका सर. मला बघायला आले व्हते तवा मलाबी असंच चालाय लावलं व्हतं. माझ्या टायमाला तर चार चकरा झाल्या."

मी पाणी पीत असताना मालकांना आणखी एक आठवलं. "जीप चालवता येती का?"

मामाच्या पिकअपवर मी शिकलो होतो, परवानाही होता. जरा ऐटीतच म्हणालो, "येते की."

"मग ह्या घरात ते इसरायचं."

ओसरीच्या बाजूला गोठा होता आणि गोठ्याला लागून पत्र्याखाली जीप उभी होती. तिचा रंग मूळचा हिरवा असावा. तिच्या स्टेअरिंगला मालकांखेरीज कुणाचा हात लागलेला नाही, हे मला त्याच दिवशी संध्याकाळी काकूंनी सांगितलं, आणि ते सांगताना त्या हसल्या नाहीत.

मालक बैलांचे पारखी होते. ही पदवी त्यांना कुणी दिलेली नव्हती, पण आठवडी बाजारात घेणाऱ्याचं आणि विकणाऱ्याचं वाजलं की बैल त्यांच्यापुढे आणून उभा करत. दात बघणं हे त्यांच्या मते शिकाऊ माणसाचं काम. ते बैलाभोवती तीन फेऱ्या मारत, वशिंडावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहत, आणि मग बैलाच्या धन्याला लांब जायला सांगत. धनी जवळ असला की जनावर त्याच्या मर्जीने वागतं, धनी लांब गेला की ते जसं आहे तसं कळतं, असं त्यांचं म्हणणं होतं. शेवटी निकाल. निकालाचे शब्द ठरलेले, तीनच. ठेवा, काढा, किंवा थांबा. कारण विचारलेलं त्यांना खपत नसे.

पुढे बैल कमी झाले. घरोघरी मोटारसायकली आल्या, ट्रॅक्टर आले, टेम्पो आले, आणि कालांतराने तेही म्हातारे झाले. पारखी तोच राहिला. मी राहायला गेलो तेव्हा रविवारी सकाळी मालकांच्या अंगणात जी गर्दी व्हायची ती सगळी गाड्यांची. दुरुस्त करावी की बदलीवर देऊन नवी घ्यावी, एवढा एकच प्रश्न घेऊन माणसं दहा-दहा कोसांवरून यायची. मालकांची पद्धत बदलली नव्हती. तीन फेऱ्या, पेट्रोलच्या टाकीवर हात, सायलेन्सरला नाक, आणि धनी लिंबाच्या पलीकडे. बॉनेट ते कधीही उघडत नसत. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "बैलाचं पोट फाडून बघतेत का सर?"

एकदा डोंगरकडा गावाहून केळीची वाहतूक करणारा एक जण टेम्पो घेऊन आला. टेम्पो ओढत नव्हता. गॅरेजवाल्याने इंजिनाचं मोठं काम सांगितलं होतं, शोरूमवाला बदलीवर मागत होता, आणि ह्याला रात्रंदिवस दुसरं काही सुचत नव्हतं. मालकांनी तीन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "थांबा." तो वैतागला. म्हणाला, "थांबू कसा मालक? माल नासून राहिला." मालकांनी चहा सांगितला. चहा झाल्यावर विचारलं, "रोज कोन चालवते?"

"मेव्हना."

"त्याला आठ दिवस घड भराया लाव. तू चालव."

आठ दिवसांनी तो माणूस केळीचा एवढा मोठा घड घेऊन आला. टेम्पोला काही झालंच नव्हतं. मेव्हण्याला क्लचवर पाय ठेवून चालवायची सवय होती. मालकांनी घड काकूंकडे दिला आणि मला म्हणाले, "गाडीची अर्धी खोड हाकनाऱ्याच्या अंगात असती सर. पन लोक गाडी बदलतेत." आम्ही आठवडाभर केळी खाल्ली.

माझ्या स्वतःच्या गाडीला आता तेरा वर्षं झाली आहेत. शोरूमच्या मुलीचा महिन्यातून एकदा फोन येतो, सर, सध्या एक्स्चेंजवर फार चांगली ऑफर आहे. मी फोन ठेवतो, खाली जातो आणि गाडीभोवती तीन फेऱ्या मारतो. बायको गॅलरीतून बघते आणि शेजारणीला सांगते, भूगोलाचे सर आहेत, गोल फिरल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. हसोत बिचाऱ्या. हे वेड मला कुठून लागलं ते मला माहीत आहे, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

मालकांचं दुसरं वेड दाव्यांचं, म्हणजे बैलांच्या गळ्यातल्या दोरांचं. गोठ्यातल्या खुंटीवर अकरा दावी टांगलेली होती आणि गोठ्यात बैल मात्र दोनच. बाकीचे विकलेले. आमच्या भागात बैल विकला तरी त्याचं दावं देत नाहीत. घेणाऱ्याने आपलं दावं आणायचं, बैलाच्या गळ्यात बांधायचं, मग विकणारा आपलं सोडून घेतो. दावं गेलं की गोठ्याची बरकत गेली, असं मानतात. बैलांपुरतं हे सगळेच पाळतात. मालक गाड्यांनाही पाळत.

त्यांनी जुनी मोटारसायकल विकली तेव्हा मी होतो. घेणारा नर्सीचा, देवळाबाहेर नारळ-प्रसाद विकणारा. व्यवहार झाला, कागद झाले, पेढा खाऊन झाला, आणि मालकांनी गाडीची चावी काढून खिशात टाकली.

"मालक, चावी?"

"ती माझी हाय. तुमची तुमी आना."

त्या माणसाने आधी गंमत समजून हसून घेतलं. मग विनवण्या केल्या. शेवटी तो हिंगोलीहून चावीवाल्याला घेऊन आला, त्याने अंगणात बसून कानशीने नवी चावी घासली, आणि तिने गाडी सुरू झाल्यावरच तो माणूस घरी गेला. जुनी चावी खुंटीवर अकरा दाव्यांच्या शेजारी बसली. काकू मला हळूच म्हणाल्या, "जीप इकायची पाळी आली तर ह्यांच्याकडून चावी कोन घेनार सर?"

त्यांचा प्रश्न चावीचा नव्हता. मालकांना दिसत नव्हतं.

हे इथे सरळ सांगून टाकतो, कारण त्या घरात ते कुणीच सरळ सांगत नव्हतं. काचबिंदू झाला होता. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेली ती नजर परत येणार नाही, उरली ती थेंबांनी टिकवायची. काकू सकाळ-संध्याकाळ थेंब टाकत. समोरचं तेवढं त्यांना दिसे, चिंचोळ्या बोळातून बघावं तसं. दोन्ही बाजूंचं पुसलं गेलं होतं, डावीकडचं जास्त. माझी चाल बघताना त्यांनी मान तिरकी केली होती ती ऐट नव्हती, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. डॉक्टरांनी गाडी चालवू नका असंही बजावलं होतं. मालक म्हणत, असं काही ते बोलल्याचं मला ऐकू आलं नाही.

मग घरात बोलणं व्हायचं ते जीपचं. जीप थकली. जीपचा भरवसा राहिला नाही. नांदेडला दिलेली त्यांची मुलगी दर रविवारी फोनवर म्हणायची, बाबा, जीप द्या बदलीवर, नवी घेऊ, आणि नव्या गाडीला एक ड्रायव्हर ठेवू. मालक म्हणायचे, जीप दणकट आहे, थोडी दुरुस्ती केली की झालं. ऐकणाऱ्याला वाटावं, एका जुन्या गाडीवरून बाप-लेकीचा वाद चालला आहे. सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं की मुलीला बापाचा हात स्टेअरिंगवरून काढायचा आहे, कुणाचा जीव जायच्या आत. आणि बापाला तो काढायचा नाही. मला एकदा ते म्हणाले होते, "ही जीप मला कानानं कळती सर. नव्या गाडीत मी पाव्हना. एकदा नवी आली की माझा हात सुटला."

त्यांच्या तोंडावर बोलणार कोण? साऱ्या तालुक्याची जनावरं आणि गाड्या बघून देणाऱ्या माणसाला, तुम्हाला दिसत नाही, असं म्हणायचं कसं? मीही म्हणालो नाही. मला ती खोली आवडत होती, काकूंच्या हातची भाकरी आवडत होती, आणि खरं सांगायचं तर मालक मला फार आवडत होते. भित्रेपणाला मी आदर असं नाव दिलं होतं.

मग ते चालवायचे कसे? तीच तर त्या घराची करामत.

मालकांबरोबर मी पहिल्यांदा हिंगोलीला निघालो तेव्हा मी पुढे बसलो होतो आणि काकू मागे. गावाबाहेर पडलो तशी काकूंनी एकटीनेच बोलायला सुरुवात केली. "अगं बाई, केवढा मोठा ट्रक येऊन राहिला." जीप जराशी डावीकडे सरकली. ट्रक गेला. "कोनाच्या शेळ्या म्हनावं ह्या, पार रस्त्यावर आल्या की." जीपचा वेग कमी झाला. "आता गेल्या बाई शेळ्या." वेग वाढला. मला वाटलं, बाईंना प्रवासात बडबडायची सवय आहे. नर्सीच्या अलीकडे मला उमगलं. काकू रस्ता सांगत होत्या. मालक तो ऐकून चालवत होते. आणि दोघांनी एकमेकांशी ह्याविषयी कधी अवाक्षर काढलेलं नव्हतं.

मालकांचेही काही प्रश्न ठरलेले असत. डावीकडे काही हललं असा संशय आला की मला विचारत, "सर, ती म्हैस कोनाची असंल?"

तिथे म्हैस असली तर मी म्हणे, "माहीत नाही मालक, पण चांगली आहे." नसली तर म्हणे, "कुठली म्हैस?" एवढ्यात त्यांचं काम होऊन जायचं. म्हैस कुणाची ह्याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे.

अशी दोन वर्षं गेली. जीपच्या डाव्या अंगाला पोचे येत गेले. मालक घरात नसताना काकू त्यावर ओला फडका फिरवत आणि म्हणत, गडी लोकांचं काही लक्षच नसतं, बैलगाडी लावताना घासली असंल.

त्यातच डाव्या दिव्याचं प्रकरण निघालं. मालकांचं म्हणणं, जीपचा डावा दिवा नीट लागत नाही. सेनगावच्या स्टँडमागे एक म्हातारे मिस्त्री होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. चाचांनी डावा बल्ब बदलला. आठ दिवसांनी मालक परत, दिवा मंद आहे. चाचांनी पुन्हा बदलला. तिसऱ्यांदा आम्ही गेलो तेव्हा दुपार होती. चाचांनी मालकांना जीप शेडमध्ये घ्यायला लावली, शटर अर्धं खाली ओढलं आणि दोन्ही दिवे मागच्या भिंतीवर पाडले. अंधाऱ्या भिंतीवर उजेडाचे दोन गोल चांगले झगझगीत उमटले.

"देखो मालिक. दोनों बी बराबर जलरे."

मालक भिंतीकडे बघत उभे राहिले. "उजवा जळून राहिला. डावा बंद हाय."

चाचांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. मग मालकांनी हळूच मान डावीकडे वळवली, आणि त्यांना डावा गोल दिसला. आता उजवा गेला होता. त्यांनी मान पुन्हा उजवीकडे नेली, पुन्हा डावीकडे आणली. असं त्यांनी दोन-तीनदा केलं. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

"मालिक," चाचा अगदी मऊ आवाजात म्हणाले, "बत्ती की तकलीफ नहीं है."

"वायर बघा," मालक म्हणाले आणि बाहेर जाऊन उभे राहिले. चाचांनी त्या दिवशी कशालाच हात लावला नाही आणि काही घेतलंही नाही.

तो दसऱ्याच्या आधीचा आठवडा होता. मुलीने नांदेडहून हिंगोलीच्या शोरूमवाल्याशी परस्पर ठरवून टाकलं. दसऱ्याला जीप द्यायची, नवी गाडी आणायची. मालक कसे कोण जाणे, "बघून येतो" म्हणाले. मला आत बोलावून त्यांनी खुंटीवरचा फडका उतरवला, त्यात जीपचे कागद होते, ते माझ्या हातात दिले. "तुमी संगं चला. ती गाडी मी बघतो, तुमी कागद वाचा." म्हणजे ते शोरूमच्या नव्या गाडीभोवती तीन फेऱ्या मारणार होते आणि "काढा" म्हणून परत येणार होते. मला ते तेव्हाच दिसत होतं.

निघताना घरात ठिणगी पडली. काकू पदर खोचत एवढंच म्हणाल्या की, आज तरी सरांना चालवू द्या, सणाचे दिवस आहेत, रस्त्यावर गर्दी राहील. मालक भडकले. "तू गप बस. गाडीतलं तुला काय कळते?"

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. "बरं," म्हणाल्या. "बसते गप."

आणि त्या खरोखर गप्प बसल्या. मागच्या सीटवर, हात मांडीवर, तोंड बाहेर. मी तेव्हाच काहीतरी बोलायला हवं होतं. त्या घरातला अबोला म्हणजे त्या जीपचे डोळे मिटल्यासारखं होतं, आणि हे त्या जीपमध्ये बसलेल्या तिघांनाही कळत होतं. काकू मानी होत्या, मालक त्यांच्याहून मानी, आणि मी कागद वाचत होतो. विम्याचा कागद सापडत नव्हता म्हणून मी मांडीवर फडका पसरून एकेक कागद उलगडत बसलो होतो. आजही जुने कागद चाळताना ते आठवतं.

सोयाबीन काढणीचे दिवस होते. आमच्याकडे तेव्हा डांबरी रस्त्याच्या कडेला सोयाबीन वाळत घालतात. अर्धा रस्ता पिवळा, आणि गाड्यांनी त्यावर येऊ नये म्हणून कडेने दगड मांडलेले. नर्सीच्या अलीकडे डावीकडे अशीच एक रास पसरलेली होती. मला दिसली नाही, मी वाचत होतो. मालकांना दिसणार नव्हतीच. काकूंना दिसली. त्यांनी तोंड उघडलं आणि किंचाळल्या, पण त्यांना अर्ध्या पळाचा उशीर झाला, गप्प बसायच्या हट्टाचा तेवढा उशीर.

दगडावरून चाक उडालं, जीप राशीत शिरली, काहीतरी कडाकडा मोडलं, आणि मालकांनी ब्रेक दाबून ती उभी केली.

मी उतरलो. डाव्या चाकाखाली एक सुपलं होतं, चेपून पापड झालेलं. त्याच्या शेजारी गोणपाटाची चवड, कुणी बसायला ठेवलेली. तिच्यावरूनही चाक गेलं होतं. बाभळीखालून एक म्हातारी हातात तांब्या घेऊन धावत येत होती. ती आली, तिने आधी गोणपाट बघितलं, मग सुपलं बघितलं, मग मालकांना.

"आत्ता उठले व्हते मी," ती म्हणाली. तिचा आवाज चढत गेला. "पानी प्यायला आत्ता उठले व्हते! इथंच बसून पाखडत व्हते! दिसत न्हाई का रं तुला?"

मालक स्टेअरिंगवरून खाली उतरले होते. ते तिच्या आवाजाच्या दिशेने वळले.

"न्हाई दिसत, बाय," ते म्हणाले.

त्या घरात दोन वर्षं राहून जे वाक्य मी एकदाही ऐकलं नव्हतं, ते मी तिथे रस्त्यावर ऐकलं, एका परक्या बाईपुढे म्हटलेलं. म्हातारी ओरडायची थांबली. मालकांनी तिला विचारलं, "कुठं बसली व्हतीस?" तिने हाताला धरून त्यांना नेलं. ते खाली बसले आणि गोणपाट चाचपू लागले. त्यावर उमटलेली चाकाची खूण त्यांच्या बोटांना लागली. बोटं त्या खुणेवरून शेवटपर्यंत फिरली.

मग ते उठले आणि जीपभोवती चालायला लागले. एक हात पत्र्यावर. पहिली फेरी, दुसरी फेरी. डाव्या अंगाला आले की हात एकेका पोच्यावर थांबायचा.

"सर, हा कवाचा?"

"पोळ्याच्या आधीचा, मालक. स्टँडजवळच्या खांबाचा."

"अन् हा?"

"नर्सीच्या पुलाचा कठडा."

"हा?"

"तुमच्याच फाटकाचा."

त्यांनी मान हलवली. तिसरी फेरी पूर्ण केली, बॉनेटवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले. मग स्वतःच पाठ फिरवली आणि रस्त्याच्या कडेकडेने चालत बाभळीपर्यंत गेले. मला क्षणभर कळेना हे काय चाललं आहे. मग कळलं. धनी लांब गेल्याशिवाय निकाल देता येत नाही. जीपचे धनी तेच होते. बाभळीजवळ ते आमच्याकडे तोंड करून उभे राहिले, मान तिरकी करून, पहिल्या दिवशी माझ्याकडे बघितलं होतं तसंच. तिथून त्यांना काय दिसलं कोण जाणे. परत आले तेव्हा चेहरा शांत होता. बाजारात शंभर वेळा दिला असेल त्याच ठाम आवाजात त्यांनी निकाल दिला.

"गाडी ठेवा. हाकनारा काढा."

कुणी कारण विचारलं नाही. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी ह्या माणसाचा विलक्षण अभिमान वाटत होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांना लावलेलं माप त्याने स्वतःला लावलं होतं आणि त्यात एका केसाची सूट घेतली नव्हती.

त्यांनी चावी काढली आणि काकूंच्या पुढे धरली. "घे. दावं घरातच ऱ्हाऊ दे."

काकूंनी चावी घेतली. डोळे भरले होते, पण त्यांनी पदर लावला नाही. त्या माझ्याकडे वळल्या. "सर, इसरले न्हाई ना अजून?"

"नाही काकू."

"मग चला घरी."

आम्ही चौघांनी मिळून सोयाबीन गोळा केलं, दगड पुन्हा मांडले. नवं सुपलं परवाच्या बाजारात घेऊन धाडते, असं काकूंनी म्हातारीला शब्द दिला, आणि तो पाळला. शोरूमवाल्याचा फोन माझ्या खिशात वाजत होता. त्याला मी सांगितलं, आम्ही गाडी ठेवली. त्याला काही समजलं नाही.

मी जीप वळवून सेनगावच्या रस्त्याला लावली. माझी बदली होऊन ते घर सोडेपर्यंत पुढे ती मीच चालवली, आणि क्लच दाबताना दर वेळी मला डोंगरकड्याचा मेव्हणा आठवे. पण त्या दिवशी मी पहिल्यांदा तिच्या स्टेअरिंगवर बसलो होतो आणि बैलगाडीच्या चालीने चाललो होतो. मालक पुढे बसायला तयार झाले नाहीत. ते मागे काकूंच्या शेजारी बसले, त्या जीपमध्ये बहुधा पहिल्यांदाच. मी आरशात बघायचं टाळलं.

समोरून एक ट्रक आला. मला तो केव्हाचाच दिसला होता, मी जीप बाजूलाही घेतली होती. तेवढ्यात मागून काकूंचा आवाज आला.

"अगं बाई, केवढा मोठा ट्रक येऊन राहिला."

ट्रक गेला.

"आता गेला बाई ट्रक," काकू म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "डाव्या अंगाला कापूस फुटलाय. समदं शिवार पांढरं झालंय."

"कोनाचा असंल?" मालकांनी विचारलं.

"कोनाचा का असंना. लई फुटलाय. सांगते ना, ऐका."